बदलीचा हुकूम आणि घराचा हिशेब

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नेमणूकपत्रात शेवटून दुसरे किंवा तिसरे असे एक कलम असते. ‘आपली नेमणूक कंपनीच्या भारतातील कोणत्याही शाखेत, कारखान्यात अथवा भविष्यात सुरू होणाऱ्या कोणत्याही आस्थापनेत केली जाऊ शकेल’, अशा अर्थाची ती ओळ. बावीस वर्षांचा तरुण पत्र हाती पडताच पगाराचा आकडा पाहतो, रुजू होण्याची तारीख पाहतो आणि खाली सही करतो. ही ओळ तो वाचत नाही. वाचली तरी तिचा अर्थ त्याला त्या दिवशी कळण्यासारखा नसतो. त्याचे लग्न झालेले नसते, आईबाप हिंडतेफिरते असतात, मुलांची शाळा हा प्रश्नच नसतो. वीस वर्षे ते कलम निजलेले असते. मग एके दिवशी व्यवस्थापनाला त्याची आठवण होते, आणि बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला आठ दिवसांत दीड हजार किलोमीटरवर हजर होण्याचा हुकूम मिळतो. बावीस वर्षांच्या मुलाने केलेल्या सहीची किंमत बेचाळीस वर्षांच्या माणसाचे घर मोजते.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात काम करणारा यंत्रकामगार. पगार पस्तीस हजार. पत्नी अंगणवाडी सेविका. तिचे मानधन बारा हजार धरू. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, दोघेही मराठी शाळेत. घरात मधुमेहाने थकलेले वडील. राहती खोली स्वतःची. कंपनीने उत्तराखंडात रुद्रपूरजवळ दुसरा कारखाना काढलेला आहे. तो तेथे का निघाला हेही समजून घेतले पाहिजे. २००३ साली केंद्र सरकारने उत्तरांचल आणि हिमाचल प्रदेश या राज्यांतील नव्या उद्योगांना दहा वर्षांची उत्पादनशुल्क माफी जाहीर केली, आणि त्यानंतर देशभरातील कितीतरी कंपन्यांनी रुद्रपूर, हरिद्वार, बद्दी या बाजूंना आपली यंत्रे हलविली. मागासलेल्या डोंगरी राज्यांना उद्योग मिळावेत या हेतूला कोणाही समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु करमाफीचा लाभ कंपनीच्या ताळेबंदात जमा झाला आणि स्थलांतराचा खर्च कोणाच्या नावे पडला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता या कुटुंबाचा हिशेब मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, बाबी मात्र खऱ्या आहेत. गृहस्थ एकटाच गेला तर तेथील खोली व जेवण, घरी त्याच्यावर होणारा खर्च वजा जाता, महिना नऊ हजार. वर्षातून चार वेळा घरी येण्याजाण्याचा खर्च महिन्यावर वाटला तर दीड हजार. वडिलांना दवाखान्यात नेण्याआणण्याचे आणि रात्री-अपरात्री उठण्याचे जे काम तो करीत होता, त्यासाठी अर्धवेळ माणूस ठेवला तर चार हजार. एकूण साडेचौदा हजार. म्हणजे पगारातील शंभर रुपयांपैकी एक्केचाळीस रुपये गेले. सारे कुटुंबच हलवायचे ठरविले तर पत्नीचे बारा हजार बुडाले आणि घरभाड्याचे सात हजार वाढले. एकोणीस हजार, निम्म्या पगाराहून अधिक. इकडे व्यवस्थापन बदलीच्या पत्रात मोठ्या दिमाखाने लिहिते की, ‘आपल्या वेतनात व सेवाशर्तींत कोणताही प्रतिकूल बदल होणार नाही.’ कंपनीच्या वहीपुरते हे विधान अक्षरशः खरे आहे. घराच्या वहीपुरते ते धादांत खोटे आहे.

या उदाहरणातील एका गोष्टीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. अंगणवाडी सेविका ही त्याच गावची, त्याच वस्तीची रहिवासी असावी लागते. तिचे काम जागेशी बांधलेले आहे. तिला रुद्रपूरला बदली मागता येत नाही. नवऱ्याला जागा नाही आणि बायकोला जागेशिवाय काम नाही, अशी ही गाठ आहे. नवऱ्याच्या बदलीचा हुकूम निघतो तेव्हा प्रत्यक्षात दोन माणसांच्या नोकऱ्यांचा निर्णय झालेला असतो. त्यांपैकी एकीच्या नावाचा त्या कागदावर उल्लेखही नसतो.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात श्रम हा उत्पादनाचा एक घटक म्हणून येतो आणि ‘श्रमाची गतिशीलता’ हा गुण म्हणून शिकविला जातो. श्रम जितके गतिशील तितकी अर्थव्यवस्था कार्यक्षम, असे ते सूत्र आहे. सूत्र चुकीचे नाही, अपुरे आहे. कामगार आपली श्रमशक्ती विकतो. ती दिवसाचे आठ तास, ठरलेल्या दराने. त्या आठ तासांसाठी त्याला रोज पुन्हा उभे करण्याचे काम उरलेले सोळा तास चालू असते, आणि ते घर नावाच्या ठिकाणी चालते. स्वयंपाक, धुणे, आजारपण, म्हाताऱ्यांची देखभाल, मुलांचा अभ्यास, शेजाऱ्याची उसनवारी, वाण्याकडची उधारी. या सर्व व्यवस्था वर्षानुवर्षांनी जुळतात आणि त्यांना बाजारात किंमत नसते. बदलीचा हुकूम आठ तास उचलून नेतो आणि सोळा तासांची व्यवस्था मोडतो. मोडलेल्या वस्तूची भरपाई मात्र तो देत नाही, कारण ती वस्तू त्याच्या हिशेबात कधी नव्हतीच.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मुंबईच्या कापडगिरण्या जवळजवळ शंभर वर्षे याच पायावर चालल्या. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार परळ-लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीत पथारी टाकून राहिला, खाणावळीत जेवला, आणि बायको-मुले गावी राहिली. गावी भातशेती त्याची बायको करीत होती, सासू-सासऱ्यांचे ती करीत होती, मुले ती वाढवीत होती. मनीऑर्डर येई ही गोष्ट खरी. परंतु गिरणीमालकाला कुटुंबाचा पूर्ण पोसखर्च पगारात द्यावा लागला नाही, तो गावच्या शेताने आणि त्या बाईच्या कष्टाने भरून काढला, ही गोष्ट त्याहून खरी. त्याचप्रमाणे शहरात त्याला जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित करीपर्यंत कोणाच्याच हिशेबात नव्हत्या. गिरणगावात ‘बदली’ या शब्दाचा अर्थही वेगळा होता. कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम मिळणारा तो बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि आज काम आहे की नाही हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. आजच्या बदलीचा अर्थ निराळा असला तरी उभे राहण्याची जागा तीच आहे. निर्णय दुसऱ्याचा आणि जगणे आपले.

कायदा याबाबत काय म्हणतो? कामगारांच्या बाजूने काहीच नाही अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. उत्तर प्रदेशातील अमरोहा येथील एका साखर कारखान्याच्या मालकांनी पुढे दुसरा कारखाना घेऊन तो बुलंदशहर येथे सुरू केला आणि अमरोह्याच्या चार कामगारांना तिकडे जाण्यास सांगितले. कामगारांनी नकार दिला, त्यांना बडतर्फ करण्यात आले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, नोकरी देताना जो कारखाना अस्तित्वातच नव्हता तेथे कामगाराला पाठविण्याचा अधिकार करारात स्पष्ट नसेल तर तो गृहीत धरता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने धोरणाच्या आडून दुष्ट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा ठरविली. पुढे औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने तशीच तरतूद आली. स्थायी आदेशांच्या केंद्रीय नमुन्यात तर असे म्हटले होते की, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली करावयाची तर कामगाराची संमती हवी, अथवा नेमणूकपत्रात तशी स्पष्ट तरतूद हवी. शिवाय वाजवी पूर्वसूचना, रुजू होण्यास अवधी, प्रवासभत्ता आणि सामानाच्या वाहतुकीचा खर्च द्यावयास हवा.

हे सारे असूनही घरे मोडतात, याचे कारण त्या ‘अथवा’त आहे. ‘संमती हवी, अथवा नेमणूकपत्रात तरतूद हवी.’ मालकांनी धडा घेतला आणि प्रत्येक नेमणूकपत्रात ते कलम छापून टाकले. १९६० च्या निकालाने जे दार लावले, ते एका छापील ओळीने उघडले. दुष्ट हेतूचे संरक्षण आहे, पण हेतू सिद्ध करण्याचे ओझे बदली झालेल्या माणसावर. तो रुजू झाला तर दीड हजार किलोमीटरवरून दावा चालवणार कसा? रुजू न झाला तर गैरहजेरीचा ठपका ठेवून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई.

आणि येथेच बदलीचे दुसरे रूप दिसते. कामगाराची छाटणी करावयाची तर कायद्याप्रमाणे नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. वीस वर्षे नोकरी झालेल्याला दहा महिन्यांचा पगार. त्याऐवजी त्याची लांब बदली केली आणि त्याने कंटाळून राजीनामा दिला तर ही भरपाई द्यावी लागत नाही. बदली ही अशा वेळी बिनखर्चाची छाटणी असते. युनियनच्या चिटणिसाची बदली का होते, पन्नाशीच्या कामगारांचीच यादी का निघते, नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या बाईलाच दूरच्या शाखेची ‘संधी’ का मिळते, याचे उत्तर धोरणात शोधू नये; या हिशेबात शोधावे.

बदलीची झळ पुढच्या पिढीपर्यंत कशी पोहोचते याचा एक दाखला विसरण्याजोगा नाही. आंध्र प्रदेशातील एका अनुसूचित जमातीचा गृहस्थ राखीव जागेवर सार्वजनिक क्षेत्रातील खत महामंडळात लागला आणि त्या नोकरीने त्याला मुंबईस आणले. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा होता. मुलगा मुंबईतच शिकला आणि वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेसाठी त्याने अर्ज केला. त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नव्हती. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो; माणसाबरोबर तो दुसऱ्या राज्यात जात नाही. घटनेच्या शब्दांचा तो अर्थ असेलही. परंतु बापाला ज्या दर्जाने नोकरी दिली, त्याच नोकरीपायी मुलाचा दर्जा गेला, ही वस्तुस्थिती उरतेच. रुद्रपूरला जाणाऱ्या दलित वा आदिवासी कामगाराने सही करताना या गोष्टीचा विचार केलेला असतो काय? त्याला ती कोणी सांगितलेली तरी असते काय?

येथवर ऐकून एखादा तरुण कार्यकर्ता म्हणेल, मग बदल्या बंदच कराव्यात. समाजवाद्याला असे म्हणता येणार नाही. धडगावच्या शाळेला शिक्षक हवा, मेळघाटच्या आरोग्यकेंद्राला डॉक्टर हवा, भामरागडला तलाठी हवा. प्रत्येकजण आपल्या तालुक्याला चिकटून राहिला तर ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना काहीच मिळणार नाही. किंबहुना या राज्यातील सर्वांत लाजिरवाणी चाल कोणती असेल तर शिक्षा म्हणून गडचिरोलीस पाठविण्याची. जो कर्मचारी पुण्याला नको झाला तो आदिवासीला चालेल, असा त्याचा अर्थ होतो. तो कर्मचाऱ्यावर अन्याय आहेच. त्याहून मोठा अपमान तेथील जनतेचा आहे.

तेव्हा प्रश्न बदली असावी की नसावी हा नाही. ती कोणत्या नियमाने, किती काळासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा आहे. सरकारी नोकरांनी संघटनेच्या बळावर आणि जनमताच्या रेट्याने यातले काही मिळविले आहे. राज्याच्या २००५ च्या बदली कायद्याने, जो १ जुलै २००६ पासून लागू झाला, सामान्य पदावधी तीन वर्षांचा ठरविला, बदल्यांसाठी एप्रिल-मे हे महिने ठरविले आणि अवेळी बदली करावयाची तर लेखी कारण मागितले. नक्षलग्रस्त व आदिवासी भागात काम करणाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणी मिळाली. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून संगणकावर आल्या. गावे ‘सर्वसाधारण’ आणि ‘अवघड’ अशी विभागली गेली, अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदलीचा अधिकार मिळाला आणि पती-पत्नी एकत्रीकरणाला प्राधान्य आले. या व्यवस्थेत त्रुटी आहेत, पळवाटा आहेत, खोटी प्रमाणपत्रेही आहेत. तरीसुद्धा तत्त्व मान्य झाले. जो अवघड जागी गेला त्याला परत येण्याचा हक्क आहे, आणि नवरा-बायको एकत्र राहणे ही मेहेरबानी नव्हे. खाजगी कारखान्यातील कामगाराला यातले एकही तत्त्व लागू नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच दारुण होतो. केंद्र सरकारने १९८६ साली नोकरदार पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे असे धोरण जाहीर केले आणि २००९ साली ते अधिक पक्के केले. पण न्यायालयांनी हेही सांगितले आहे की, असे नेमणे इष्ट असले तरी तो हक्क नाही. पदोन्नतीबरोबर देशभर बदली स्वीकारली की गैरसोयही स्वीकारली. परिणाम बँकांत पाहावयास मिळतो. लिपिक म्हणून उत्तम काम करणारी बाई अधिकारीपदाची परीक्षा देतच नाही, कारण बढती म्हणजे बदली. कागदोपत्री तिला कोणी अडविलेले नाही. तिनेच ‘इच्छा नाही’ असे लिहून दिलेले असते. अशा इच्छेला स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दांशी खेळ आहे.

आता परिस्थिती नाजूक वळणावर आली आहे. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या. दुष्ट हेतूची बदली ही अनुचित प्रथा म्हणून नव्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. परंतु १९४६ च्या कायद्यात शंभर कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश बंधनकारक होते, ती मर्यादा संहितेने तीनशेवर नेली. दोनशे-अडीचशे कामगारांच्या कारखान्यात बदलीचे नियम आता कोठे लिहिलेले असणार? नेमणूकपत्रात. आणि त्याच संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. हा लाभ आहे, यात शंका नाही; लाखो असंघटितांच्या हाती पहिल्यांदा कागद येईल. पण त्या कागदावरची ती ओळ कोणी वाचली नाही तर लाभाचाच फास होईल.

म्हणून युनियनच्या मागणीपत्रकात पगारवाढ, महागाईभत्ता आणि बोनस यांच्या जोडीला बदली हे स्वतंत्र कलम आले पाहिजे. राज्याबाहेरच्या बदलीसाठी त्या वेळची लेखी संमती हवी. वीस वर्षांपूर्वीची सही ही संमती नव्हे. हुकुमात कारण, मुदत आणि परतीची तारीख हवी. शाळेचे वर्ष संपेपर्यंत बदली अमलात येऊ नये. कुटुंब मागे राहणार असेल तर दोन घरांचा भत्ता आणि घरी येण्याचा रजा-प्रवास मालकाने द्यावा. कुटुंब बरोबर येणार असेल तर पत्नीच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा विचार भरपाईत व्हावा. आजारी आईबाप, अपंग मूल, बाळंतपण ही कारणे असता दिलेला नकार गैरवर्तन मानला जाऊ नये. ज्याला जाणे अशक्य आहे त्याला राजीनाम्याऐवजी छाटणीची भरपाई मिळावी. या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. मालकाने जो खर्च दुसऱ्याच्या घरात ढकलला आहे तो आपल्या वहीत घ्यावा, एवढेच यात म्हटले आहे. तो खर्च वहीत आला की निम्म्या बदल्या ‘कामाच्या निकडीच्या’ राहणार नाहीत, हे व्यवस्थापनालाच उमगेल.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. दरवर्षी मे महिन्यात मंत्र्यांच्या, आमदारांच्या आणि पुढाऱ्यांच्या दारी बदलीचे अर्ज घेऊन माणसांची रांग लागते. समाजवादी कार्यकर्तेही त्या रांगेला अपवाद नाहीत. कुणाचे शिफारसपत्र घेऊन जाणे ही लोकसेवाच आहे असे त्यांना मनापासून वाटते. पण शिफारसपत्राने एकाची बदली थांबते म्हणजे काय होते? जागा रिकामीच असते, हुकूम निघायचाच असतो. यादीतले दुसरे नाव वर येते. ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, त्याला जावे लागते. त्याच्याही घरी थकलेला बाप असतो. शिफारसीने अन्याय दूर होत नाही, तो अधिक दुबळ्याच्या घरी जातो.

कार्यकर्त्यांनी यापुढे अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला पत्र देण्याऐवजी त्याचे नेमणूकपत्र मागावे, ते कलम त्याच्यासमोर वाचावे, त्याच्या घराचा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घ्यावा, आणि तो हिशेब युनियनच्या टेबलावर ठेवावा. दहा घरांचे हिशेब एकत्र आले की ती दहा जणांची गाऱ्हाणी राहत नाहीत. ती मागणी होते.